न्हाणीतली जीप

माझा उजवा हात पूर्ण उताणा होत नाही. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढं केला की तळवा निम्म्यावर येऊन थांबतो आणि पळीतलं पाणी करंगळीवरून सांडून जातं. पुजारी नवा असला तर तो थांबतो, बाई हात सरळ करतील म्हणून वाट बघतो. जुन्यांना माहीत आहे. मग मी खालून डावा हात लावते आणि घेते. दुखत नाही. थंडीत जरा ओढल्यासारखं होतं, तेवढंच. आत प्लेट आहे, तिला सहा का सात स्क्रू आहेत. एक्स-रेत मोजले होते, आता विसरले.

लोक विचारतात, कसं झालं? मी म्हणते, जीपच्या अपघातात. एवढं सोपं वाक्य आहे बघा. पण ते आमच्या तोंडातून बाहेर पडायला आठ दिवस लागले, आणि तेवढ्यात हाडानं त्याचं त्याचं ठरवून टाकलं होतं.

सांगायचं तर मालकांच्या पिशवीपासून सांगावं लागेल. मालक म्हणजे आमचे यजमान. आमचं गाव औशाकडचं. भूकंपात घर बसलं, माणसं वाचली. माणसं वाचली म्हणून त्यावर जास्त बोलायचा आम्हाला हक्क नाही, ज्यांची गेली त्यांनी बोलावं. पण त्यानंतर पत्र्याच्या शेडात जे दिवस काढले, त्यात आमच्या मालकांनी दोन गोष्टी शिकून घेतल्या. एक, कागद जपावा. दगडमातीखाली आमचा सातबारा गेला, रेशनकार्ड गेलं, त्यांचं शाळेचं सर्टिफिकेट गेलं, आणि पुढं तीन वर्षं ते 'मी मीच आहे' हे सिद्ध करत तहसीलच्या पायऱ्या चढत राहिले. तेव्हापासून त्यांनी एक जाड प्लास्टिकची पिशवी केली. खताची होती, धुऊन घेतलेली. घरात येईल तो कागद त्या पिशवीत. दुकानाची पावती, लग्नपत्रिका, एसटीचं तिकीटसुद्धा.

दुसरी गोष्ट अशी, की लिहून घेणाऱ्या साहेबाला सोयीचं सांगावं. नव्या घरांची यादी करायला लोक आले तेव्हा आमच्या सासऱ्यांनी सरळ सांगितलं, आमची चूल एक. खरंच एक होती. आम्हाला एक घर लागलं. शेजारच्यांची पण एकच होती, त्यांनी तीन सांगितल्या. त्यांना तीन लागली. मालक पुढं कित्येक वर्षं म्हणायचे, "खऱ्याला एक चूल, हुशाराला तीन." हसत म्हणायचे, पण ते त्यांच्या मनात रुतलेलं होतं.

या दोन गोष्टी एकमेकींना कधी भेटतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. त्या लातूरच्या दवाखान्यात भेटल्या.

लातूरला आम्ही आलो ते पोटासाठी. तेव्हा लातूरच्या शिकवणीचा नुसता गाजावाजा. बारावीच्या पोरी कुठून कुठून यायच्या. हिमायतनगर, किनवट, परभणी, बिदरकडच्यासुद्धा. पत्र्याची पेटी, गादीची वळकटी आणि बाप. बाप दोन दिवस राहायचा, सगळ्यांच्या पाया पडायचा आणि जायचा. पोरीला जेवण कुठं मिळेल हा त्याचा पहिला प्रश्न असायचा. मी दोघींपासून सुरू केलं, ते तिशीच्या वर गेलं. मेस म्हणायचे सगळे, मीपण म्हणायला लागले. भाजी-वरण कुणीही करतं. माझ्याकडं पोरी येत ते भाकरीसाठी. ज्वारीची, हातावरची, पातळ, टम्म फुगणारी. थापायला काही नाही, ते कुणालाही येतं. अवघड पुढं आहे. थापलेली भाकरी परातीतनं उचलून उताण्या तळव्यावर घ्यायची आणि मोडू न देता तव्यावर पालथी घालायची. ते सगळं उजव्या हातात असतं. माझा तो हात चालत होता तोवर मला त्याची आठवणसुद्धा कधी झाली नाही.

विमा घेतला तो गल्लीतल्या मास्तरीणबाईंनी भरीला घातलं म्हणून. त्या शाळा सुटल्यावर विम्याचं काम करायच्या. आमच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाल्या, "काकू, आजारपणाला पहिले काही दिवस अट असते, पण अपघाताला काही अट नाही. पहिल्या दिवसापासून चालतो." मी ऐकलं. मालक तेव्हा पावती पिशवीतल्या कुठल्या गठ्ठ्यात घालायची ते बघत होते.

आमची थोरली लेक अहमदपूरला दिलेली आहे. तिचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, मोंढ्यात आडतीचा धंदा करायचे. भला मोठा माणूस, कपाळाला विभूती, आवाज असा की बोलले की पोत्यावरची चिमणी उडायची. त्यांनी तेव्हा एक जुनी जीप घेतली होती आणि तिचं त्यांना लई कौतुक. धाकट्या मुलाची सुपारी फोडायची होती नांदेडला. आम्हाला निरोप आला, अहमदपूरपर्यंत एसटीनं या, पुढं आपल्या गाडीत.

मी जरीची साडी नेसले, बोरमाळ घातली, गजरा माळला. स्टँडवर इवाई स्वतः न्यायला आले. मागं त्यांची बायको, आमची लेक, तिचं तान्हं, दोन नणंदा, साड्यांची ताटं. जागा नव्हती, म्हणून पुढं त्यांच्या शेजारी मालक आणि दाराशी मी.

"विहीणबाई, खिडकीत बसा, हवा लागंल," इवाई म्हणाले. "आन् भिऊ नका. म्या गाडी चालवतो म्हंजी तागडी धरल्यावाणी. हिकडं न्हाई का तिकडं न्हाई."

अहमदपूर सोडून थोडं पुढं गेलो असू. ऊन समोरून होतं. इवाई मालकांना तुरीचा भाव सांगत होते, आणि भाव सांगताना माणसाच्या तोंडाकडं बघायची त्यांना मोंढ्यातली सवय. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, चाक पंक्चर झालेली, मागं दगड लावलेला. मला ती दिसली. मी "इवाई" एवढंच म्हटलं आणि हात पुढं टेकवला.

आवाज झाला. मग एकदम शांत. मग ट्रॉलीतला ऊस खाली पडायला लागला, एक एक कांडं, टप, टप. काच माझ्या मांडीवर होती. मागं तान्हं रडलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. मी हाताकडं बघितलं तर मनगट उलथन्यासारखं वाकलेलं होतं. मला तेव्हा एकच वाटलं, की हे दुसऱ्याच कुणाचं तरी दिसतंय.

बाकी कुणाला फार लागलं नाही. अहमदपूरला परत आणलं. तिथल्या डॉक्टरनं कपाळातल्या काचा काढल्या, हाताला फळी बांधली, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, हाड मोडलंय, लातूरला न्या. इवाई टोपी कपाळाशी धरून उभे.

"म्या येतो संगट," ते म्हणाले.

"छे छे," मालक म्हणाले, "तिकडं माणसं वाट बघून राहिलीत. सुपारी थांबली तर काय म्हणतील? तुम्ही दुसरी गाडी करा आन् म्होरं व्हा. मुहूर्त चुकवू नका."

त्यांना जवळजवळ ढकललंच. आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. चाकूर आलं. मालक रस्त्याकडं बघत म्हणाले, "अपघात म्हटलं की पोलीस येणार. त्यांचं नाव लिवणार. लेकीचा सासरा हाय तो. आपण मुलीकडचे." थोड्या वेळानं म्हणाले, "न्हाणीत घसरलीस म्हणू."

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलंय. हात ठणकत होता हे कारण मला देता येईल, पण तोंड काही ठणकत नव्हतं.

लातूरच्या दवाखान्यात काउंटरवर एक पोरगी होती. तिनं फॉर्म पुढं ओढला. "कसं लागलं?"

"न्हाणीत पाय घसरला," मालक म्हणाले.

"केव्हा?"

"सकाळी. आंघोळीला गेल्या होत्या."

तिनं माझ्या जरीच्या साडीकडं बघितलं, बोरमाळेकडं बघितलं, गजऱ्याकडं बघितलं. "ह्या साडीत?"

"आंघोळ झाली होती," मालक म्हणाले.

तिनं लिहून घेतलं. दुपारी मोठे डॉक्टर आले. त्यांनी कपाळातून काचेचे आणखी दोन बारीक तुकडे काढले, वाटीत टाकले, टिणकन वाजले. "न्हाणीत काच कुठली हो?"

"आरसा होता," मालक म्हणाले. एकदा पहिलं खोटं सांगितलं की दुसरं आपोआप हाताशी येतं, कुणी शिकवावं लागत नाही.

डॉक्टरांनी कच्चं प्लास्टर घातलं. सांगितलं, तीन-चार दिवसांत सूज उतरेल, मग ऑपरेशन करून प्लेट टाकू. वेळेत झालं तर हात पहिल्यासारखा चालेल. आम्ही विम्याचं कार्ड दाखवलं. हातात होतं ते वर्षाच्या ज्वारीत घातलेलं होतं, म्हणून कार्डावरच भिस्त. दवाखान्याचा एक माणूस ते काम बघायचा. तो म्हणाला, "कंपनीची मंजुरी मागवू. काय कागद असतील ते द्या."

आणि मालकांनी पिशवी आणली. घरनं, रिक्षानं जाऊन. टेबलावर उपडी केली. "बघा, सगळं हाय. आमच्याकडं कागद कमी पडत न्हाई." अभिमानानं म्हणाले. त्या माणसानं त्यातून रेशनकार्ड घेतलं, पॉलिसी घेतली, दवाखान्याचे कागद घेतले, आणि अहमदपूरच्या डॉक्टरची चिठ्ठीपण घेतली, कारण ती त्याच दिवशीची होती. चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, जीपचा अपघात. मालकांनी ती सवयीनं पिशवीत ठेवली होती. न्हाणी सांगणारे तेच आणि जीप जपून ठेवणारेपण तेच. फॅक्स गेला.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, माहिती जुळत नाही, चौकशी होईल. मालक म्हणाले, कंपनीवाले उगाच आडकाठी घालून राहिलेत.

पाचव्या दिवशी कंपनीचे साहेब आले. मूळचे नांदेडचे, वयस्क, केसांना मेंदी, बोलणं मऊ. स्टूल ओढून बसले. "भाभी, तकलीफ देतो, माफ करा. दोन सवाल हायेत." त्यांनी विचारलं, मी न्हाणी सांगितली. त्यांनी लिहून घेतलं. मान हलवली. मग मालकांना म्हणाले, "एकदा न्हाणी बघायला चालंल का?"

"बघा की," मालक म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

तिथं काय झालं ते मला पोरींनी संध्याकाळी डबा घेऊन आल्यावर सांगितलं. त्या दिवसांत मेस माझी जाऊ बघत होती. तिला या प्रकरणाची काही कल्पना नव्हती. साहेब मागच्या अंगणात गेले. आमची न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी पत्रा, एका बाजूला भिंत, खाली दगडी फरशी, एक हंडा, एक तांब्या. साहेबांनी भिंतीवरून हात फिरवला. खिळ्याचं भोकसुद्धा नव्हतं. त्यांनी जावेला विचारलं, "आरसा कुठं लावलेला होता, बाई?"

जाऊ म्हणाली, "न्हाणीत आरसा? आंघोळ करताना काय बगायचं हाय आरशात?"

पोरी खिदळल्या. त्यातली हिमायतनगरची एक, हुशार आणि तोंडाची मोकळी, ती जेवता जेवता म्हणाली, "पण साहेब, काकू त्या दिवशी घरी नव्हत्याच. सुपारीला गेल्या होत्या ना, नांदेडला."

साहेब हसले नाहीत, असं पोरी म्हणाल्या. ते जावेच्या हातचं पाणी प्यायले आणि निघाले.

दवाखान्यात परत आले तेव्हा त्यांनी अहमदपूरच्या चिठ्ठीची झेरॉक्स माझ्या पांघरुणावर ठेवली. "भाभी, ह्या कागदावर जीप हाय. तुमच्या तोंडात न्हाणी हाय. मी कुणाला खरं मानू? जीप न्हाणीत शिरली व्हय?"

मी मालकांकडं बघितलं. मालक खिडकीकडं बघत होते.

"आता ऐका," साहेब म्हणाले. "अपघात असला म्हणून कंपनी नाही म्हणत नाही. पॉलिसीत आहे ते. पहिल्या दिवशी जीप म्हणाला असता तर आज तुमचा हात बांधून तुम्ही घरी असता. खोट्याची काही गरजच नव्हती. गरजेचं खोटं मी खूप बघितलंय, हे बिनगरजेचं हाय." मग उठताना म्हणाले, "पोलिसातली नोंद आणा, खरं काय ते लिहून द्या. तोवर माझ्या हातात काही नाही."

मला तेव्हा मास्तरीणबाईंचा चहा आठवला. 'अपघाताला काही अट नाही.'

साहेब गेल्यावर मी म्हटलं, "आता?"

"आता काय? नोंद कुठली आणू? इवायाच्या इरोधात ठाण्यात जाऊ?" मालक म्हणाले. "जीभ झडंल माझी." मग जरा नरम आवाजात, "कायतरी मार्ग निघंल. कंपनीचा माणूस हाय, दोन-चार दिवसांत गार पडंल."

दोन-चार दिवस म्हणजे माझ्या हाताचे होते ते. लेकीचा संसार एका बाजूला आणि मनगट एका बाजूला असं धरलं तर मनगटाचं पारडं वरच जायचं. तागडीचं गणित बायकांना कुणी वेगळं शिकवत नाही.

इवायांनी या आठवड्यात दोनदा निरोप पाठवला होता, भेटायला येतो म्हणून. मालकांनी दोन्ही वेळेला कळवलं, घाई नको, बरं हाय. ते दवाखान्यात आले आणि तोंडातून जीप निघाली तर? म्हणून त्यांना लांब ठेवलं होतं.

आठव्या दिवशी डॉक्टर राउंडला आले. नवा फोटो उजेडाकडं धरला. "सूज कधीच उतरली. हाड धरायला लागलंय, पण वाकडं धरतंय. आता उशीर केला तर ते फोडून बसवावं लागेल, आणि तरी हात पूर्ण वळेल याची हमी नाही." मग माझ्याकडं बघून, "भाकऱ्या करता ना तुम्ही? माझी पुतणी जेवते तुमच्याकडं, तिनं सांगितलं. मग कशाची वाट बघताय?"

मालक घरी अंघोळीला गेले होते. मी उठले. दवाखान्याच्या दाराशी एसटीडीचं बूथ होतं. डाव्या हातानं नंबर फिरवला, आडतीचा. आयुष्यात पहिल्यांदा मी इवायाशी फोनवर बोलले. आमच्यात विहीण-व्याही एकमेकांशी बोलतात ते दहा माणसांत, आणि तेही जेवण झालं का, एवढंच.

"हॅलो," पलीकडून आवाज आला, मागं हमालांचा गलका.

"मी बोलते. लातूरहून."

"विहीणबाई? काय झालं? हात?"

"तुम्ही येऊन जा."

"येतो की. सोमवारी येतोच हाय."

"सोमवारी नको. आज."

मी फोन ठेवला आणि वर येऊन पडून राहिले. मालक आले. मी सांगितलं, इवायांना बोलावलंय. ते माझ्याकडं बघतच राहिले. "काय सांगणार तू त्यास्नी?" मी म्हटलं, "काही नाही. तुम्ही सांगा." ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले, पाठ माझ्याकडं करून.

दुपारी इवाई आले. लेक बरोबर, तिच्या कडेवर तान्हं. इवायांच्या कपाळावर विभूतीखाली टाके होते, ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसले. त्यांनाही लागलं होतं आणि कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझ्या कच्च्या प्लास्टरकडं बघितलं. "आजून तसंच? आठ दिस झाले की! आपरेशन का न्हाई केलं?"

मालक दारातच घुटमळले. शेवटी लेकच म्हणाली, "आई, काय झालं गं?" मग मी सांगितलं. न्हाणी, आरसा, चिठ्ठी, सगळं. सांगताना मला स्वतःलाच हसू यायला लागलं, ते दाबून सांगितलं.

इवायांनी शर्टाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला. ठाण्यातली नोंद. त्याच दिवसाची. आम्हाला लातूरकडं लावून ते नांदेडला गेलेच नव्हते सरळ. आधी अहमदपूरच्या ठाण्यात गेले होते, ट्रॉलीला आपण धडकलो असं स्वतः लिहून देऊन आले होते. मुहूर्त चुकला होता. सुपारी दोन तास उशिरा फुटली होती.

"हे बगा," ते मालकांना म्हणाले, "जखमीत पयलं नाव विहीणबाईचं हाय. म्या सोता सांगितलं. आन् तुमी मला न्हाणीत बुडिवलं व्हय?"

"तुमच्यावर आळ नको म्हणून..." मालक म्हणाले.

"आळ कशाचा आळ? धडकलो की म्या! डोळ्यानं बगितलंय. न केलेल्याचा आळ आसतो, केलेल्याचा काय?"

"आपण मुलीकडचे, लोक काय म्हणतील..."

"मुलीकडचे, मुलीकडचे!" इवायांचा आवाज वॉर्डभर गेला, सिस्टर दारात आली. "मोडला तो हात काय मुलीकडचा हाय? दोनदा निरोप धाडला, यऊ नका म्हणलात. मला वाटलं, राग धरला माज्यावर. घरात जेवण गोड लागंना. आन् हितं तुमी मला वाचवून राहिलात!" ते स्टुलावर बसले, तेच स्टूल ज्यावर कंपनीचे साहेब बसले होते. हळू आवाजात म्हणाले, "परकं केलं की हो मला."

लेकीनं तान्हं मालकांकडं दिलं, ते घेऊन ते पुन्हा व्हरांड्यात गेले.

ठाण्याचा कागद जोडला, पण सांगितलेलं आणि लिहिलेलं आधीच वेगवेगळं गेलं होतं, त्यामुळं कंपनीनं ताबडतोब काही मान्य केलं नाही. आधी उपचार करा, मग बघू. इवाई आणि मालकांनी मिळून दवाखान्याचं बघितलं. कसं बघितलं ते मला दोघांनीही सांगितलं नाही. अकराव्या दिवशी ऑपरेशन झालं. हाड जिथं चुकीचं धरलं होतं तिथं सोडवून पुन्हा बसवलं.

मालकांनी खरा जबाब लिहून दिला. गावच्या सोसायटीत लिखापढीचं काम केलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं, पण त्या दिवशी पहिल्या वाक्याला तीन कागद फाडले. साहेब तो घ्यायला आले. उभ्यानं वाचला. "आता बरोबर," म्हणाले. मग चष्म्यावरून बघत, "आरसा कुठं गेला?" मालक पहिल्यांदा हसले. विम्याचं पुढं दोन-अडीच महिन्यांनी मिटलं, बरंचसं मिळालं. इवायांना एकदा कोर्टात जाऊन दंड भरावा लागला. त्यांचं लायसन कुणी नेलं नाही. जीप त्यांनी विकली, पण ते भाव पडायच्या आधी विकली असं सांगतात.

प्लास्टर निघालं. व्यायाम सांगितले. लाटणं मुठीत धरून उजवीकडं फिरवायचं, डावीकडं फिरवायचं. डावीकडं फिरायचं. उजवीकडं जिथं थांबायचं तिथंच थांबलं. तीन महिने केलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मी करायला लावलं नाही.

पहिल्यांदा भाकरी करायला बसले तेव्हा थापली मस्त. उचलली आणि तळव्यावर घ्यायला गेले तर तळवा वळेना. भाकरी चुलीच्या कडेला पडून घडी झाली. दुसरी पण. पोरी ओळीनं ताटं घेऊन बसलेल्या. तिसरी थापली. मालक बाजूलाच बसून पिशवीतले कागद लावत होते. ते उठले, हात धुतले, चुलीजवळ बसले आणि तळवा माझ्यापुढं धरला. मी भाकरी त्यांच्या तळव्यावर सरकवली. त्यांनी ती तव्यावर घातली. वाकडी पडली, एक कड जळली. पण पडली.

पुढं मेस बंद करेपर्यंत माझी भाकरी त्यांच्या हातावरून तव्यावर जायची. बोटं भाजायची त्यांची. दुसऱ्या वर्षी त्यांना फुगवता यायला लागली. हिमायतनगरची ती पोरगी म्हणायची, "काकू, अर्धी भाकरी काकांची हाय, अर्धे मार्क त्यांना." ती पुढं कुठं लागली ते मला माहीत नाही.

अपघाताच्या वर्षीच पॉलिसी पुन्हा भरायची वेळ आली होती. मास्तरीणबाई फॉर्म ठेवून गेल्या. मालक चष्मा लावून ओट्यावर बसले, मांडीवर पिशवी. एकेक रकाना वाचत भरत होते. एका रकान्यावर पेन थांबलं. याआधी कुठली शस्त्रक्रिया, कशामुळं.

"काय लिहू गं?" त्यांनी विचारलं.

"झालं ते लिहा."

ते लिहायला लागले. मी वाकून बघितलं. लिहिलं होतं, उजवे मनगट, जीप अपघात, आणि पुढं, कुणी विचारलेलं नसताना, गाडी आमच्या व्याह्यांची. वाळू दिलं. मग फॉर्म माझ्याकडं फिरवून पेन पुढं केलं. मी सही केली. सहीला हात उताणा लागत नाही.